एकाचे दोन होताना



मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा पेशीविभाजनावर लेख लिहितो म्हणजे याचे मेडिकल हुकलेले दिसते, असे काहीजण म्हणतीलच. म्हणोत बापडे! खरे सांगायचे तर बारावीला मी बायोलॉजी घेतलेच नव्हते. दहावीच्या पुस्तकातली चार गोल चित्रे, त्यात रंगीत शेवया, आणि खाली पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी नावे. परीक्षेपुरती पाठ केली, पेपर झाला, विसरलो. तुमचेही यापेक्षा वेगळे नसणार.

पण गेल्या दीड वर्षात घरातल्या एका आजारपणामुळे हा विषय पुन्हा वाचावा लागला. वाचता वाचता वाटले, अरे, हे तर आपल्याच खात्यातले काम आहे! मोजणी आहे, जुळणी आहे, दोऱ्यांवरचा ताण आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कडक इन्स्पेक्शन आहे. दहावीचे पुस्तक चार अवस्था सांगते. त्यांच्या मधोमध पेशी एक गोष्ट करते, ती म्हणजे वाट पाहणे. ते वाट पाहणे समजले की बाकीचे आपोआप समजते, आणि ते बिघडले की काय होते तेही कळते. हा लेख त्याबद्दल आहे.

कारखाना केवढा?

आधी उत्पादनाचा आकडा पाहू. माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी जुन्या जाऊन नव्या येतात. सेकंदाचा हिशेब केला तर ३८ लाखांच्या आसपास. यात रक्तातल्या पेशी सर्वाधिक, त्याखालोखाल आतड्याच्या अस्तराच्या. म्हणजे तुम्ही मेसच्या रांगेत ताट घेऊन उभे आहात तेवढ्या वेळात अब्जावधी पेशी बदलून गेलेल्या असतात. इतके करूनही आपण सकाळी उठतो तेव्हा कालचेच असतो, कारण नवी पेशी जुनीची हुबेहूब नक्कल असते.

या नकलेच्या विभाजनाला मराठीत सूत्री विभाजन म्हणतात, इंग्रजीत मायटोसिस. वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडर नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग तेव्हा बाजारात आले होते, त्यांचा त्याला उपयोग झाला. १८८२ मध्ये त्याने आपले पुस्तक छापले. पेशी दुभंगताना आत धागे दिसतात, म्हणून ग्रीक भाषेतल्या धाग्याच्या शब्दावरून त्याने मायटोसिस हे नाव रूढ केले. आपले सूत्री हे नावही त्याच अर्थाचे, सूत म्हणजे धागा. त्या धाग्यांना क्रोमोसोम हे नाव १८८८ मध्ये मिळाले. आपण त्यांना गुणसूत्रे म्हणतो.

दुसराही एक विभाजनाचा प्रकार आहे, अर्धगुणसूत्री. त्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते आणि तो फक्त बीजपेशी तयार करताना लागतो. तो विषय आज बाजूला ठेवू.

आधी झेरॉक्स, मग वाटणी

गावाकडे दोन भावांची वाटणी होते तेव्हा पहिल्यांदा कागद लागतात. सातबारा, आठ-अ, नकाशा. मूळ कागद एकच असला तर भांडण ठरलेले. पेशी याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. ती वाटणीच्या आधी प्रत्येक कागदाची नक्कल काढून ठेवते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. त्यातला डीएनए उलगडून एकाला एक जोडला तर लांबी साधारण दोन मीटर भरते. आणि तो ठेवलेला असतो मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सहा भाग एवढ्या व्यासाच्या केंद्रकात! त्यावर सहा अब्जांहून जास्त अक्षरे आहेत. ही सगळी अक्षरे पेशी सुमारे आठ तासांत उतरवून काढते. चुका दुरुस्त करणारी यंत्रणा सोबतच चालते, त्यामुळे शेवटी अब्ज अक्षरांमागे एखादी चूक राहते, तीही नेहमी राहतेच असे नाही. आपल्या सबमिशनच्या फाइली एकमेकांवरून उतरवताना राहणाऱ्या चुकांशी तुलना केलेली बरी नाही.

या तयारीच्या काळाला आंतरावस्था म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचा एक फेरा साधारण २४ तासांचा धरला तर त्यातले २३ तास ही तयारीच चालते. प्रत्यक्ष विभाजन तासाभराचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते पेशी रिकामी बसली आहे. वर्षभर अभ्यास करणाऱ्या मुलाबद्दलही लोकांना असेच वाटते. असो.

चार अवस्था

पूर्वावस्था. नक्कल काढून झाली, पण सगळे सामान खोलीभर पसरलेले आहे. हॉस्टेल सोडताना आपण काय करतो? आधी गादी गुंडाळतो. पेशीही तेच करते. लांबच लांब धागे गुंडाळून आखूड, जाड करते. आता प्रत्येक गुणसूत्र दुहेरी दिसते: मूळ आणि नक्कल, एका ठिकाणी चिकटलेली. या दोन भागांना अर्धगुणसूत्रे म्हणतात आणि दोऱ्या जिथे जोडल्या जातात त्या आवळलेल्या जागेला गुणसूत्रबिंदू. केंद्रिका दिसेनाशी होते, केंद्रकाभोवतीचे आवरण विरघळू लागते. प्राण्यांच्या पेशीत ताराकेंद्रे दोन टोकांना जाऊन बसतात आणि तिथून दोऱ्या निघू लागतात.

या दोऱ्यांना पुस्तकात तुर्कतंतू म्हटले आहे. मूळ शब्द तर्कु, म्हणजे सूत कातायची चाती. चातीवर सूत भरले की ती मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती दिसते, या दोऱ्यांचा सांगाडाही तसाच दिसतो. आपण कापसाच्या मुलखातली माणसे, आपल्याला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

मध्यावस्था. दोऱ्या टोकांकडून मधल्या भागात येतात, चाचपडतात. गुणसूत्रबिंदू सापडला की धरतात, नाही सापडला तर मोडून परत वाढतात. शेवटी प्रत्येक दुहेरी गुणसूत्राला एका टोकाची दोरी एका बाजूने आणि दुसऱ्या टोकाची दुसऱ्या बाजूने लागते. रस्सीखेच सुरू होते आणि दोन्हीकडची ओढ सारखी झाली की सगळी गुणसूत्रे पेशीच्या मधोमध एका ओळीत उभी राहतात. सकाळच्या पीटीसारखी.

पश्चावस्था. आता इशारा मिळतो. अर्धगुणसूत्रांच्या जोड्या ज्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेल्या होत्या, ती कडी एक विकर कात्रीसारखे कापते. सगळ्या जोड्या जवळपास एकाच क्षणी सुटतात आणि दोन्ही टोकांकडे सरकू लागतात. वेग मिनिटाला साधारण एक मायक्रॉन.

इथे मेकॅनिकलवाल्यांनी थोडे थांबावे. आपण ओझे ओढायचे म्हटले की दोर ड्रमवर गुंडाळतो. पेशीत गुंडाळणे नाही. दोरी ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांची बनलेली पोकळ नळी असते, व्यास २५ नॅनोमीटर. गुणसूत्राने ती धरलेली असतानाच टोकाकडच्या विटा एकेक करून गळतात, दोरी आखूड होते, आणि गुणसूत्र त्या गळणाऱ्या टोकाला धरूनच पुढे सरकते. दोर विरघळत जातो आणि ओझे ओढले जाते! अशी क्रेन आपल्या कुठल्या पुस्तकात मला अजून भेटलेली नाही.

अंत्यावस्था. दोन्ही टोकांना ४६-४६ चा संच पोचला. दोऱ्या मोडतात, दोन्ही संचांभोवती नवे आवरण तयार होते, गुंडाळलेली गादी पुन्हा पसरते. एका पेशीत दोन केंद्रके झाली. उरले ते घराच्या मधे भिंत घालणे, त्याला जीवद्रव्य विभाजन म्हणतात. प्राण्याच्या पेशीत पायजम्याची नाडी आवळावी तसे एक कडे बाहेरून आत आवळत जाते. वनस्पतीच्या पेशीला बाहेरची भिंत कडक असल्याने ते जमत नाही, म्हणून तिथे भिंत मधून बांधायला सुरुवात होते आणि बाहेर कडेपर्यंत जाते. एकाचे दोन झाले.

शेवटचा येईपर्यंत थांबा

आता मूळ मुद्दा. ४६ पैकी ४५ गुणसूत्रे ओळीत उभी आहेत, दोऱ्या लागल्या आहेत. एक मात्र अजून कोपऱ्यात भटकते आहे. पेशी काय करते?

थांबते. सगळी कामे खोळंबून ठेवते, पण इशारा देत नाही. एस. टी.चा कंडक्टर सीटा मोजतो, एक प्रवासी पाणी प्यायला उतरलेला असतो, आणि तो चढेपर्यंत डबल बेल वाजत नाही, तसे. ज्या गुणसूत्रबिंदूला दोरी लागलेली नाही, तो स्वतःच 'थांबा, थांबा' असा रासायनिक निरोप पाठवत राहतो. तो एकटा पुरेसा असतो. १९९५ मध्ये अमेरिकेत कॉनली रीडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या शेवटच्या, दोरी न लागलेल्या बिंदूवर लेसर मारून तो नष्ट केला. निरोप बंद पडला आणि पेशीने लगेच पुढची अवस्था सुरू केली, ते गुणसूत्र नीट लागलेले नसतानाही! म्हणजे ब्रेक तिथेच होता. यंत्र पुढे कधी न्यायचे ते 'लागले' या निरोपावर ठरत नाही, 'लागले नाही' हा निरोप बंद होण्यावर ठरते. आपल्या प्रेस मशीनवर गार्ड बंद झाल्याशिवाय स्ट्रोक होत नाही, तसाच हा इंटरलॉक.

दोरी लागली एवढ्यावरही पेशी समाधान मानत नाही. कधी दोन्ही दोऱ्या एकाच टोकाकडून लागतात. मग वाटणीत एका भावाला दोन सातबारे आणि दुसऱ्याला काहीच नाही. हे कळावे कसे? ताणावरून. दोन्हीकडून ओढ असेल तरच दोरी ताठ राहते. सैल दोरी पेशी सोडवून टाकते आणि पुन्हा लावून बघते. १९६९ मध्ये ब्रूस निकलस या शास्त्रज्ञाने नाकतोड्याच्या पेशीत बारीक काचेच्या सुईने गुणसूत्र ओढून हाताने ताण दिला, तेव्हा चुकीची लागलेली जोडणीही पक्की टिकून राहिली. ताण काढला की ती सुटत होती. आपण बेल्ट ड्राइव्हचा ताण अंगठ्याने दाबून बघतो, त्यातलाच प्रकार.

पेशीच्या फेऱ्याचे हे नियंत्रण कसे चालते याच्या मूळ शोधांसाठी २००१ मध्ये हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना नोबेल मिळाले.

मेसचा कांदा

वाचून झाले तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मन भरेना. मेसमधून एक कांदा मागून आणला. मेसवाल्या काकांनी 'एकच का?' असे विचारले, त्यांना वाटले ऑमलेटचा बेत आहे. कांद्याची वाळकी मुळे खरवडून तो पाण्याने काठोकाठ भरलेल्या ग्लासावर ठेवला, बूड पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटली. शहरातल्या सायन्स कॉलेजात शिकणाऱ्या एका मित्राने तिथल्या मॅडमची परवानगी काढली आणि पुढचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले: मुळाची दोन-तीन मिलिमीटरची टोके, अल्कोहोल व अॅसेटिक आम्लाचे मिश्रण, सौम्य गरम आम्ल, मग रंग, मग काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाब. आम्लाचे काम आहे, खोलीत करू नका. वॉर्डन सरांनाही त्रास नको.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते पुस्तकातल्या चार चित्रांसारखे ओळीने लावलेले नसते. बहुतेक पेशी शांत, गोल केंद्रकाच्या. मधेच एखादी शेवयांचा गुंता घेऊन बसलेली. फार शोधल्यावर एक अशी सापडली की गुणसूत्रे दोन झाडूंसारखी एकमेकांकडे पाठ करून निघालेली. पश्चावस्था! कांद्याला गुणसूत्रे १६ च, आणि चांगली मोठी, म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ विद्यार्थी कांदाच वापरतात. आणखी एक गोष्ट: पुस्तकात काढलेली ताराकेंद्रे कांद्यात शोधू नका. वनस्पतीला ती नसतात, आणि त्यांच्याशिवायही दोऱ्या व्यवस्थित तयार होतात.

पश्चावस्था इतकी कमी का दिसते? कारण ती लवकर संपते. कोणती अवस्था किती वेळ चालते, हे पेशींची मोजणी करून कळते. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात वर्क सॅम्पलिंग येते ना, तेच. वर्कशॉपमध्ये अवचित फेऱ्या मारायच्या, किती मशीन चालू आणि किती बंद ते टिपायचे, त्या प्रमाणावरून वेळेचे प्रमाण काढायचे. टिपेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ही पद्धत इंग्लंडच्या कापड गिरण्यांसाठी बसवली. ज्या अवस्थेत जास्त पेशी सापडतात, तिला वेळ जास्त लागतो. काचपट्टी म्हणजे असंख्य मशीनच्या शॉपचा एकाच क्षणी काढलेला फोटो.

आपल्या शिवारातल्या पिकांचे आकडेही गमतीचे आहेत. हरभरा १६, तूर २२, सोयाबीन ४०. देशी कापूस २६ आणि अमेरिकन कापूस ५२, कारण फार पूर्वी दोन वेगवेगळ्या जातींचे २६-२६ एकत्र येऊन तो तयार झाला. संख्या जास्त म्हणजे जीव मोठा असे काही नाही. कापूस आपल्यापेक्षा सहाने पुढे आहे. असे आकडे पिकापिकांचे गोळा करून डार्लिंग्टन आणि आपल्या केरळच्या जानकी अम्मल यांनी १९४५ मध्ये एक मोठा ॲटलासच छापला होता.

कुंपणावरची कळलावी, अंगणातली सदाफुली

पावसाळ्यात कुंपणाला वेल चढते, फूल ज्वाळेसारखे लाल-पिवळे, पाकळ्या वर वळलेल्या. ती कळलावी. भलतीच विषारी, कंद तर जीवघेणा. तिच्यात कोल्चिसिन हे द्रव्य असते. ते ट्यूब्युलिनच्या विटांना चिकटते आणि दोऱ्या तयारच होऊ देत नाही. दोऱ्या नाहीत, म्हणजे 'लागले नाही' हा निरोप चालूच, म्हणजे पेशी मध्यावस्थेच्या उंबरठ्यावर अडकून पडते.

या अडकण्याचा माणसाने चांगला उपयोग केला. माणसात गुणसूत्रे ४८ असतात असे १९२० च्या दशकापासून सगळी पुस्तके सांगत होती. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये जो हिन त्यो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसिनने पेशी नेमक्या त्या अवस्थेत थांबवल्या, द्रावण पातळ करून पेशी फुगवल्या, गुणसूत्रे सुटी सुटी पसरली आणि मोजली. ४६ भरली! तीसेक वर्षे जग चुकीचा आकडा पाठ करत होते. वनस्पतीत तर कोल्चिसिनने विभाजन अर्धवट राहून गुणसूत्रे दुप्पट करता येतात. बिनबियांचे टरबूज त्याच युक्तीतून आले.

दुसरी वनस्पती तुम्ही रोज बघता. हॉस्टेलच्या पायऱ्यांजवळ, देवळापुढे, कुणाच्याही अंगणात, उन्हाळ्यातही फुलणारी सदाफुली. कॅनडात नोबल आणि बीअर हे शास्त्रज्ञ तिच्या पानांत मधुमेहाचे औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन. दोन्ही द्रव्ये विटांनाच धरतात, दोऱ्या बनू देत नाहीत. पेशी वाट पाहत राहते, पाहत राहते, आणि पुष्कळदा शेवटी मरून जाते. कर्करोगाच्या पेशीला मारायचा हा एक मार्ग. यू वृक्षाच्या सालीतले पॅक्लिटॅक्सेल नेमके उलटे करते, दोऱ्या मोडूच देत नाही. परिणाम तोच. ज्या दोरीला वाढता येत नाही किंवा मोडता येत नाही, ती वाटणीच्या कामाची नाही.

आत्याचा प्रश्न

माझी आत्या मानोरा तालुक्यात राहते. तिला लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. नागपूरला फेऱ्या सुरू झाल्या, दर तीन आठवड्यांनी एक. सोबतीला बहुधा मी. दुसऱ्या फेरीनंतर तिचे केस उशीवर येऊ लागले. आजाराला ती घाबरली नव्हती, पण केसांनी खचली. एके रात्री मला म्हणाली, "अरे, दवाई त हाताच्या शिरीतून देतेत, बिमारी गयात हाय, मंग केस काऊन गयले माये?"

प्रश्न कुठल्याही व्हायव्हापेक्षा अवघड होता, कारण उत्तर तिला पटायला हवे होते. मी सांगितले ते असे: आत्या, दवाईला बिमारी ओळखू येत नाही. तिला एवढेच कळते की कोणती पेशी आत्ता दोन व्हायला निघाली आहे. बिमारीच्या पेशी सारख्या दोन होत असतात, म्हणून जास्त मरतात. पण केसांच्या मुळाच्या पेशीही रात्रंदिवस दोन होत असतात, त्याशिवाय केस वाढणार कसे? तोंडातल्या, आतड्यातल्या, हाडाच्या मगजातल्याही. म्हणून केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते. औषध थांबले की या जागच्या राखीव पेशी पुन्हा कामाला लागतात. केस परत येतील.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे निंदताना तनासंगं थोडं पीकबी उपडते, तसं." याहून चांगले मला सांगता आले नसते.

तिच्या औषधांतले एक व्हिन्क्रिस्टिन होते. बोटांना मुंग्या येत, साडीच्या निऱ्या धरवत नसत. त्याचेही कारण तीच दोरी. मज्जातंतूच्या लांब पेशींतून माल वाहून नेणारे रूळ याच नळ्यांचे असतात. हे कळल्यावर तिने पुढच्या वेळी डॉक्टरांना मुंग्यांबद्दल न विचारता सांगितले आणि त्यांनी डोस बघून घेतला. आधी ती असल्या तक्रारी अंगावर काढत होती.

मधल्या काळात गावातून सल्ला आला, सदाफुलीपासूनच दवाई बनते तर पाने उकळून प्यायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे. वाळलेली पाने क्विंटलच्या मापाने घेतली तेव्हा कुठे ग्रॅमच्या मापाने औषध निघते. पानांत इतरही पुष्कळ द्रव्ये असतात, आणि हे औषध फक्त शिरेतून, वजन-उंची पाहून, रक्त तपासून देतात. काढ्यात औषध किती आणि विष किती, हे कोण मोजणार? आत्याने पाने परत पाठवली. तिचे सहा फेरे पूर्ण झाले. आता ठरलेल्या महिन्यांनी तपासणीला जावे लागते. केस आले आहेत, आधीपेक्षा कुरळे.

आणि आपले तोंड

एवढे लिहिल्यावर आपल्या हॉस्टेलबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. जिन्याच्या कोपऱ्यातले लाल डाग कशाचे, ते इथे सर्वांना ठाऊक आहे. विदर्भात खर्रा घोटणे हा जणू मैत्रीचा विधी झाला आहे.

गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी दोन-तीन आठवड्यांत बदलत असतात. म्हणजे तिथे विभाजन कायमच चालू. खर्ऱ्यातल्या तंबाखूतली द्रव्ये डीएनएच्या अक्षरांची खराबी करतात. सुपारी आणि चुना अस्तर सारखे सोलतात, म्हणून भरून काढायला आणखी विभाजने, म्हणजे आणखी झेरॉक्स, म्हणजे बिघडलेल्या मूळ प्रतीच्या आणखी प्रती. अशा चुका साठत साठत कधी ब्रेकच्या जागेवर पडतात. मग पेशी थांबायचे तिथे थांबत नाही, वाटणी चुकते, एकाकडे ४७ तर दुसऱ्याकडे ४५. थिओडोर बोव्हेरी याने १९१४ मध्येच म्हटले होते की गुणसूत्रांची अशी चुकीची वाटणी कर्करोगाच्या मुळाशी असावी, आणि कर्करोगाच्या बहुतेक गाठींत आज तसे बिघडलेले आकडे सापडतात.

"मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे, तंबाखू नसली तरी. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण घोटून देणाऱ्या हातांवर बंदी आपल्यालाच घालावी लागते.

करून बघण्यासारखी एक तपासणी सांगतो, फुकट आहे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. वाशिमला जा, अकोल्याला जा, सुट्टीत गावी गेलात की तिथे जा, पण जा. तिसऱ्या आठवड्यात गेलेला माणूस आणि तिसऱ्या वर्षी गेलेला माणूस यांच्या उपचारांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नागपूरच्या बाकांवर बसून हा फरक मी पाहिलेला आहे.

पेशीला मेंदू नाही, डिग्री नाही, डेडलाइन मात्र आहे. तरी ती शेवटचा धागा लागल्याशिवाय पुढे जात नाही. आपल्या जन्माच्या आधीपासून ती हे काम आपल्यासाठी बिनबोभाट करत आली आहे. आपण तिला निदान अडथळा तरी आणू नये, एवढीच विनंती.